बायजाबाई बाहेर बसेनाशा झाल्या तेव्हा

बायजाबाईंच्या घरात खोली घेतली, तेव्हा किल्ली हातात देण्याआधी त्यांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली.

"कुठं असत्यात?"

"पुण्याला. लष्करी खात्यात कारकून आहेत."

"असंल," त्या म्हणाल्या. "पन कशावरून?"

नवरा असल्याचा पुरावा कोणी मागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मंगळसूत्र दाखवलं. ते त्यांनी नीट पाहिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. किल्ली दिली, तीही 'बघू' असं म्हणून. दिवाळीला यजमान आले, तेव्हा बायजाबाई ओसरीवर बसून राहिल्या. त्यांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, मग सहज विचारल्यासारखं सासऱ्यांचं नाव, सासऱ्यांचं गाव विचारलं. थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारला. ते चहा प्यायला आत गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हाय खरा."

तिसगावला लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायला होते, तेव्हाची ही गोष्ट. लढाई संपली होती, पण रॉकेल आणि कापड अजून रेशनवर होतं. पाथर्डीच्या पलीकडे निजामाची मोगलाई सुरू व्हायची, आणि तिकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे गाव डोळे बारीक करून बघायचं. एकंदरीत काळच असा होता, की कोणी कोणावर विश्वास ठेवत नव्हतं. बायजाबाई मात्र काळ बदलायच्या आधीपासून तशा होत्या.

उंच, काटक बाई. कपाळ कुंकवाविना मोकळं, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि बघणं असं की समोरच्याला आपल्या खिशात चोरीचा माल आहे की काय असं वाटावं. तेल घेताना थेंब तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळायच्या आणि हुंगायच्या. दुधाच्या गाडग्यावर फडकं बांधायचं तर गाठ त्यांची स्वतःची. ती दुसऱ्या कोणाला सोडता येत नसे, आणि सोडलीच तर पुन्हा तशी बांधता येत नसे. शेतावर जाताना उंबऱ्याच्या आत चाळलेली राख पसरून जायच्या. एकदा परत आल्या आणि त्यांनी मला हाक मारली. राखेत पाऊल उमटलं होतं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. शेवटी त्यांनी स्वतःचं पाऊल शेजारी टेकवलं, तर ते तंतोतंत जुळलं.

"माझाच हाय पाय," त्या म्हणाल्या, आणि तरीही कपाळावरची आठी जाईना. "पन मी मागारी कवा आले?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

नवरा पटकीने एका दिवसात गेला होता. मुलगी तेव्हा पाळण्यात. दहावा व्हायच्या आत थोरल्या दिराने, लक्ष्मणने, वावराच्या बांधाला हात घातला होता, असं त्या सांगायच्या. "बांध दरसाल माझ्या अंगाला येतो, बाई. दगडाला पाय असत्यात." तेव्हापासून पेरणीच्या आधी आणि काढणीनंतर त्या बांधावरून एकट्या चालत जायच्या आणि प्रत्येक दगडाशी थांबायच्या. मुलगी मोठी झाली, शेवगावकडे दिली, तरी ते चालणं थांबलं नाही. विहिरीजवळचं ते चांगलं वावर त्यांच्याकडे राहिलं, ते या संशयामुळेच राहिलं, यात मला शंका नाही.

घर एकच, पण मध्ये भिंत घालून वाटून घेतलेलं. अंगण सामायिक. भिंतीच्या पलीकडे लक्ष्मण आणि त्याची बायको ठकूबाई. ठकूबाई बायजाबाईंच्या थोरल्या जाऊबाई. अंगाने स्थूल, बोलायला गोड, आणि काम मात्र बैलासारखं. त्यांना चार मुलीच होत्या, आणि लक्ष्मण येताजाता दुसरी बायको करण्याची भाषा करायचा. दोघी जावा एकाच अंगणात दळण-कांडण करायच्या आणि एकमेकींकडे पाठ करून बसायच्या.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. पौषात अशी थंडी पडली होती की मुली शाळेत घोंगड्या पांघरून यायच्या. आणि बायजाबाई विहिरीवर जाऊन भर सकाळी डोक्यावर पाणी ओतून घ्यायला लागल्या. भाकरी थापता थापता मध्येच उठायच्या, पदर झटकून अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. चेहरा लालबुंद, कानामागून घामाच्या धारा.

"काय होतंय?" मी विचारलं.

"जाळ उठतो. छातीपासनं वर जातो, डोस्क्यात जाऊन इझतो. मंग घाम. मंग थंडी वाजती." त्यांनी भिंतीकडे मान केली. "कायतरी घातलंय मला."

पोळ्याच्या सणाला ठकूबाईंनी ताट पाठवलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी पलीकडचं खाणं सोडलं. मग विहिरीचा संशय आला, म्हणून पाणी लांबून आणायला लागल्या. तरी जाळ थांबला नाही, तेव्हा बाजारातलं पीठ, मग तेल, आणि शेवटी पाळी माझ्यावर आली. मी चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "आधी तुमी प्या." मी प्याले. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मला काही होत नाही अशी खात्री पटेपर्यंत त्यांचा चहा निवून गेला, तो त्यांनी तसाच घशाखाली घातला.

हे सगळं होत असताना अंगणात एक गोष्ट घडायची थांबली होती, आणि ती साऱ्या आळीने टिपली होती.

त्या काळी कोणत्या घरची बाई कधी बाहेर बसते, हे शेजाऱ्यांना ठाऊक असायचं. लपवायची सोयच नव्हती. गोठ्याच्या कडेला पोत्यावर ती बसलेली दिसायची, तिचं ताट-तांब्या वेगळा दिसायचा, तुऱ्हाट्यांच्या कुंपणावर फडकी वाळायची. पोरंसोरंसुद्धा 'कावळा शिवला' म्हणून लांबून जायची. बायजाबाई पावसाळ्यापासून त्या पोत्यावर बसलेल्या नव्हत्या.

विधवा बाई. वय चाळिशीच्या पुढचं, पण अंगाने ताठ. बायकांनी पाणवठ्यावर आधी डोळ्यांनी बोलून घेतलं, मग तोंडाने. ठकूबाईंनी एकदा कळशी डोक्यावर घेता घेता एवढंच म्हटलं, "आमच्या बायजाचा कावळा कुटं उडून गेला, द्येव जानं." तेवढं पुरलं.

माणूस कोण, यावर मात्र गावाचं एकमत होईना. काही दिवस त्यांच्या सालगड्याचं नाव चाललं, पण तो इतका म्हातारा आणि दमेकरी होता की लोकांनाच पटेना. मग मोगलाईतून आलेल्या एका कुंभाराचं. तो त्यांच्या वावराच्या कडेला माती खणायचा. एका आठवड्यात तर माझ्या यजमानांचंही नाव आलं होतं, असं मला नंतर कळलं. ते दिवाळीनंतर गावात फिरकलेही नव्हते. बायजाबाई बाजारातून निघाल्या की माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाहीत, पोटाकडे बघायची.

ज्या बाईला गवत हललेलं कळायचं, तिला हे कळलं नसेल असं मी समजत नाही. पण त्या स्वतःच त्याहून मोठ्या भीतीत होत्या. एका दुपारी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. सूप थांबवून त्यांनी विचारलं,

"मास्तरीनबाई, तुमी शिकलेल्या. बाईला कोनी बांधून टाकू शकतं का?"

"म्हणजे?"

"आतनं. इटाळच बंद. देवऋषाकडं गेल्ते. तो म्हनला, घरच्याच बाईनं गाठ मारलीया. गाठ सुटली न्हाई तर रगत डोस्क्यात चढून मरशील." मग म्हणाल्या, "जाळ त्याचाच हाय."

मी शिकलेली होते खरी, पण या विषयात माझं शिक्षण काहीच नव्हतं. मला फक्त माझी आई आठवली. नगरला आमच्या घरी एके वर्षी आई महिनाभर सलग सोवळ्यात स्वयंपाक करायला लागली, आणि आत्या म्हणाली, "सुटलीस हो वहिनी." आईने हसून पदर सारखा केला. त्या दिवसापासून देवघर पूर्णपणे आईच्या हातात आलं. लोणची-पापडावर तिची सावली चालायला लागली. मला वाटलं होतं, ही काही पूजेअर्चेतली बढती असावी. आता सूप हातात धरून बसलेल्या बायजाबाईंकडे बघताना प्रथमच माझ्या मनात आलं, की आई ज्यातून सुटली ते हेच तर नसेल?

मी त्यांना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची बामनाची रीत येगळी."

बाजाराच्या दिवशी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स सलोमीबाई गावात यायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती, पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बोलण्यात लपवाछपवी नाही. त्यांच्याकडे न्यायला मला बाजाराचे तीन दिवस घालवावे लागले. बायजाबाईंच्या मते त्या औषध देऊन बाटवतात. शेवटी आल्या, पण बाजारालगतच्या त्यांच्या तपासणीच्या खोलीत शिरताना पदराने नाक झाकून घेतलं.

सलोमीबाईंनी पोट तपासलं, डोळे बघितले, काही विचारलं.

"काही झालेलं नाही तुम्हाला. वय झालं की थांबतं. सगळ्या बायकांचं थांबतं. हा जाळ पण त्याचाच, वर्ष-दोन वर्षांत जाईल."

"कशावरून?"

"माझं थांबलंय की. मी मेले का?"

"तुमचं काय. तुमच्यात तर बसतच न्हाईत बाहेर. तुमचं हाय का न्हाई, कुनाला ठावं?"

सलोमीबाई हसल्या. "म्हणूनच कोणी विचारायला आलं नाही मला. पण घाबरले मीही होते. नर्स असून. माझ्या बहिणीला तर क्षय झाला असं वाटलं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचं कधी थांबलं?"

"न्हाई थांबलं."

"आई कधी गेली?"

"मी पोर असताना. बाळंतपनात."

"सासू?"

"पलेगात. तरनीच हुती."

"मोठी नणंद, चुलती, आजी?"

बोटांवर मोजत बायजाबाईंनी एकेक बाई आठवली असावी. मग खाली बघत, पहिल्यांदाच कशावरही संशय न घेता म्हणाल्या, "आमच्या घरात तितकं जगलंच न्हाई कोनी."

बाहेर बाजार गजबजला होता. सलोमीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी लगेच काढून घेतला नाही.

घरी येताना वाटेत त्या एकदम थांबल्या. "बाई, ठकू माझ्याहून थोरली. लई थोरली. मंग ती कशी बसती अजून?"

त्यांच्या डोळ्यांत जुनी धार परत आली होती. पुढच्या महिन्यात ठकूबाई गोठ्याकडेला बसल्या, तेव्हा बायजाबाईंनी त्यांच्यावर पाळत ठेवली. अंगणात उगाच झाडू मारला, शेळीला चारा घालायला चार वेळा गेल्या. मग माझ्या खोलीत येऊन दार लोटलं.

"कुंपनावर एक फडकं न्हाई. धुनं न्हाई. नुसती बसती. दिसभर पाट टेकून, पाय पसरून. डोळं मिटून बसती, बाई."

"म्हणजे त्यांचंही..."

"कवाच," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या भिंतीपलीकडे जाऊन आरडाओरडा करतील. त्या दार उघडून आपल्या घरात गेल्या.

लक्ष्मणने भावकी जमवली, ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. सकाळची वेळ, त्याचीच ओसरी. मी माझ्या दारात उभी होते. मला कोणी आत जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. पाच-सहा पागोटी, मध्ये भावकीतले म्हातारे आबा. दाराआड ठकूबाई. लक्ष्मण उभा राहून बोलत होता, भावजयीकडे न बघता.

"घराची अब्रू हाय. हिनं लेकीकडं जावं. काय आसंल ते तिकडं उरकावं. वावर मी बघतो."

"आनि काय न्हाईच निघालं तर?" आबांनी विचारलं.

"मंग सुईन बोलवा. सुईन बगंल. न्हाईतर हिनं सांगावं, का बसत न्हाई बाहेर."

सगळे बायजाबाईंकडे बघायला लागले. त्या अंगणात उभ्या होत्या. घामाने चेहरा निथळत होता, नेमका तेव्हाच तो जाळ उठला असावा, आणि बघणाऱ्यांना तो चोराचा घाम वाटला असणार.

"सांगते," त्या म्हणाल्या. "माझं वय झालं. बाईचं वय झालं की बंद हुतं."

एक-दोघे हसले. लक्ष्मण म्हणाला, "वय? ठकी तुझ्याहून म्होरं. ती बसती का न्हाई दर म्हैन्याला? साऱ्या आळीला ठावं हाय."

"व्हय," बायजाबाई म्हणाल्या. "ठकूबाई माझ्याहून थोरली. ठकूबाई..."

दाराआडून ठकूबाईंचा चेहरा मला दिसत होता. इतका पांढरा पडलेला चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. त्यांनी दाराची चौकट धरली होती. बायजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुरावा मागत जिची हयात गेली, तिच्याजवळ आयुष्यातला सगळ्यात भक्कम पुरावा होता.

"ठकूबाईचं ठकूबाईला ठावं," त्या म्हणाल्या. "मी माझं सांगते. सुईन मला हात लावनार न्हाई. लेकीकडं जायची न्हाई. मी हितंच हाय, तुमच्या डोळ्यांम्होरं. काय निपजतंय ते बगा."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आबांनी पागोटं सावरलं. "बाई पळून चालली न्हाई, लक्ष्मना. दिस जाऊ दे," म्हणाले आणि उठले.

दुपारी मी विचारलं, "का सांगितलं नाहीत?"

त्या मिरच्यांची देठं काढत होत्या. "तिला म्हैन्यातनं तेवढी पाट टेकाया मिळती. तेवढाच तो जवळ येत न्हाई. ह्यो तिचा खोटेपना मी काढून घेतला, तर उद्या तो म्हनंल, म्हातारी झाली, पोरगा काय आता हुत न्हाई. आनि आनील दुसरी." मग रागाने म्हणाल्या, "लबाड हाय ती. माझ्यावर आळ तिनंच घेतला. मी इसरनार न्हाई."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते गावाने कधी पाहिलं नसेल. ज्या बाईने आपली एकही गोष्ट कोणाला कळू दिली नव्हती, ती रोज भर दुपारी पाणवठ्यावर धुणं घेऊन जायला लागली. पदर कमरेला घट्ट खोचून, पोट सगळ्यांना दिसेल अशी, ताठ उभी राहून धुणं आपटायची. बघायचं त्याने बघावं. बायका आधी टक लावून बघायच्या, मग चोरून, मग बघेनाशा झाल्या. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, पोट होतं तसंच सपाट राहिलं. तेव्हा गावाने ठरवलं, की तिने पाडलं. मोगलाईतून औषध आणलं होतं म्हणे. पण लक्ष्मणला दाखवायला काही उरलं नाही, आणि आबांनी पुन्हा बैठक बोलवायला नकार दिला. वावर राहिलं.

ठकूबाई एका सकाळी हातात मेथीची जुडी घेऊन भिंतीला वळसा घालून आल्या.

"तुला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

ठकूबाईंनी जुडी पुढे केली. बायजाबाईंनी मेथी घेतली, पानं उलटीपालटी करून बघितली, देठ हुंगला आणि ठेवून घेतली. "बस," म्हणाल्या. त्या बसल्या. ठकूबाई पुढेही दर महिन्याला गोठ्याकडेला बसत राहिल्या. फरक एवढाच, की आता तुऱ्हाट्यांच्या कुंपणावर अधूनमधून दोन फडकी वाळताना दिसायची. ती बायजाबाईंची जुनी होती, आणि लांबून बघणाऱ्याला पटावं म्हणून त्या ती स्वतःच ओली करून वाळत टाकायच्या.

या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, तुम्ही बाकीच्या बायकांना सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझंच त्वांड परत गावाच्या हातात. न्हाई."

माझी बदली पुणतांब्याला झाली. निघाले तो बाजाराचा दिवस होता. बायजाबाई घरी नव्हत्या, निरोप घ्यायचा राहून गेला. सर्व्हिस मोटार बाजाराच्या कडेला उतारूंसाठी थांबली, आणि कडुलिंबाखाली मला त्या दिसल्या. समोर एक अनोळखी बाई होती, आडगावची, टोपलीत घेवड्याच्या शेंगा. ती पदराने वारा घेत होती. चेहरा लाल, गळा घामाने भिजलेला, आणि डोळ्यांत मी ओळखत होते ती भीती. बायजाबाई शेंगा घ्यायला वाकल्या होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, हुंगली, मग त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या बोहारणीला थोडं सरकायला लावलं. मग टोपलीशेजारी खाली बसून त्या बाईच्या कानाशी तोंड नेलं.

काय सांगत होत्या ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. ती बाई आधी मागे सरकली. मग तिचा वारा घेणारा हात थांबला. तिने काहीतरी विचारलं, बायजाबाईंनी मान हलवली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मोटार हलली तेव्हा ती बाई तोंडावर पदर धरून रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. बायजाबाई मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवून, मान वळवून, बाजारातल्या एकेका माणसाकडे रोखून बघत होत्या, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.